रेक्टरकडे दिलेला अर्ज म्हणजे फिर्याद नव्हे

वसतिगृहाच्या खोलीतून लॅपटॉप गेला, पार्किंगमधून दुचाकी गेली, ग्रंथालयातून परतताना कोणीतरी रोज मागे यायला लागलं. अशा वेळी विद्यार्थी पहिल्यांदा जातो तो रेक्टरकडे, विभागप्रमुखांकडे नाहीतर गेटवरच्या सुरक्षा कार्यालयात. तिथे एक अर्ज लिहून घेतात, ‘बघतो’ म्हणतात, आणि विद्यार्थ्याला वाटतं की तक्रार झाली. दहा-बारा दिवस काहीच हललं नाही की मग तो पोलीस ठाण्यात जातो. तोवर कॅमेऱ्यातलं रेकॉर्डिंग पुसलं गेलेलं असतं, पाहणारा मुलगा परीक्षा आटपून गावी गेलेला असतो, आणि ठाण्यात पहिला प्रश्न येतो, ‘इतके दिवस काय करत होता?’

कॉलेजला किंवा विद्यापीठाला गुन्ह्याचा तपास करण्याचा अधिकार नाही. ते शिस्तभंगाची कारवाई करू शकतात, वसतिगृहातून काढू शकतात, चौकशी समिती नेमू शकतात. गुन्हा नोंदवणं, पंचनामा करणं, मुद्देमाल जप्त करणं, आरोपीला अटक करणं हे पोलिसांचंच काम. आवार विद्यापीठाचं असलं तरी हद्द पोलीस ठाण्याचीच असते. गणेशखिंडीतल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात काही घडलं, तर ते चतुःशृंगी पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतं. फिर्याद द्यायला प्राचार्यांची, कुलसचिवांची किंवा रेक्टरची परवानगी लागत नाही. ‘आधी आम्हाला सांगायचं, मग पोलिसांत जायचं’ असा नियम कोणत्याही कायद्यात नाही. दोन्हीकडे एकाच दिवशी जा. घाईचं काम पोलिसांकडचं आहे, हे मात्र विसरू नका.

गेटवरच्या सुरक्षारक्षकांबद्दलही गैरसमज फार. ते खासगी एजन्सीचे कर्मचारी असतात. कोणाचा मोबाइल उघडून बघण्याचा किंवा कोणाला रात्रभर केबिनमध्ये बसवून ठेवण्याचा त्यांना अधिकार नाही. डोळ्यांसमोर दखलपात्र (ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात असा) आणि अजामीनपात्र गुन्हा करताना कोणी सापडला, तर कोणताही नागरिक त्याला पकडू शकतो, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. पकडलेल्याला चोप दिला, तर मारणाऱ्यांवरही गुन्हा दाखल होतो आणि मूळ प्रकरण लंगडं पडतं. वसतिगृहात चोर सापडला की हे हमखास होतं. तिथल्या शहाण्या मुलांनी आधी गर्दी मागे सारावी.

जिवाला धोका असेल, मारामारी चालू असेल, कोणी पाठीमागे येत असेल, तर ११२. महाराष्ट्रात हा फोन आपल्या गल्लीतल्या चौकीत वाजत नाही. तो उचलणारा माणूस नवी मुंबईतल्या किंवा नागपुरातल्या केंद्रात बसलेला असतो आणि तिथून जवळच्या गाडीला निरोप जातो. त्यामुळे ‘मी कॅन्टीनमागे आहे, लवकर या’ असं सांगून त्याला काही कळत नाही. आधी शहर, मग विद्यापीठाचं किंवा कॉलेजचं पूर्ण नाव, मग कोणतं गेट, मग इमारत, आणि शेवटी काय घडतंय ते. फोन तुटला तरी पहिल्या दोन गोष्टी पोचलेल्या असाव्यात. मोठ्या आवारात पोलिसांची गाडी मुख्य गेटपाशी येऊन अडते, कारण रात्री आतली गेटं बंद असतात आणि ‘विज्ञान भवन’ कुठे हे चालकाला माहीत नसतं. दुसऱ्या कोणाला तरी गेटवर उभं करा. बोलणं शक्य नसेल तर फोनचं पॉवर बटण भराभर दाबून आपत्कालीन कॉल लागतो. कुठे तीनदा दाबावं लागतं, कुठे पाचदा. ते आजच सेटिंगमध्ये बघून ठेवा.

आता ठाण्यातलं. आत गेल्यावर समोर ठाणे अंमलदार असतो. घडलेलं सांगितल्यावर तो ठरवतो की हा दखलपात्र गुन्हा आहे की अदखलपात्र. दखलपात्र असेल तर प्रथम खबर अहवाल, म्हणजे एफआयआर नोंदवायचा. अदखलपात्र असेल तर नुसती नोंद, ज्याला सगळे ‘एनसी’ म्हणतात. एनसीचा कागद हातात पडला की विद्यार्थी समाधानाने परततो, पण न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस त्यात तपासच करू शकत नाहीत. शिवीगाळ किंवा साधी दुखापत यात एनसी होणं बरोबर आहे. पाठलाग, विनयभंग, चोरून चित्रीकरण, लैंगिक शेरेबाजी हे सगळे मात्र दखलपात्र गुन्हे आहेत (भारतीय न्याय संहितेची कलमं ७४ ते ७९), तिथे एनसीवर बोळवण होऊ देऊ नका.

चोरीत एक बारकी मेख आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची साधी चोरी अदखलपात्र झाली आहे. म्हणून ठाण्यात वस्तूची किंमत विचारतात, आणि ‘जुना होता, असेल तीन-चार हजारांचा’ असं भाबडेपणाने सांगितलं की प्रकरण तिथेच मिटतं. बिल न्या, आजची वाजवी किंमत सांगा. दुसरं, माणसं राहतात त्या इमारतीतली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ खाली येते. तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि ती पाच हजारांची अट तिथे लागू नाही. वसतिगृहाची खोली ही राहण्याचीच जागा. कॅन्टीनच्या टेबलावरून गेलेला मोबाइल आणि खोलीतून गेलेला मोबाइल यांत कायद्याच्या दृष्टीने मोठा फरक आहे, तेव्हा वस्तू नेमकी कुठून गेली ते पहिल्याच वाक्यात येऊ द्या.

त्याहून जास्त वेळा होणारी गोष्ट म्हणजे चोरीची नोंद ‘गहाळ’ म्हणून होणं. पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वस्तूंची नोंद करता येते, ती दोन मिनिटांत होते आणि पीडीएफ मिळतं. डुप्लिकेट मार्कशीट किंवा परवाना काढायला ते पुरतं, पण त्यावर तपास होत नाही. कुलूप तुटलेलं असेल, बॅगेची चेन कापलेली असेल, तर ती चोरी आहे. ‘मोबाइल मिळत नाही’ असं लिहू नका. ‘अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक ठिकाणाहून, माझ्या संमतीशिवाय कोणीतरी चोरून नेला’ असं लिहा.

फिर्याद लिहून झाली की ती वाचून दाखवणं बंधनकारक आहे. परप्रांतातल्या विद्यार्थ्याला मराठी येत नसेल तर समजेल त्या भाषेत सांगायला लावा, आणि वेळ, ठिकाण, वर्णन, वस्तूचा अनुक्रमांक जुळेपर्यंत सही करू नका. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागायला संकोचू नका. त्यावरचा गुन्हा रजिस्टर क्रमांक आणि तपास अंमलदाराचं नाव-फोन लिहून घ्या. घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली, समजा रेल्वेत किंवा घरी जाताना वाटेत, तरी कोणतंही ठाणं शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून पुढे पाठवू शकतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आता हे स्पष्ट लिहिलेलं आहे. ऑनलाइनही खबर देता येते, पण तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते. ती राहिली की खबर नोंदीवर येत नाही.

नोंदवूनच घेत नसतील तर? दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं सक्तीचं आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये सांगितलं आहे. तीन ते सात वर्षांच्या दरम्यान शिक्षा असलेल्या काही गुन्ह्यांत पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने आधी चौकशी करू शकतात, पण ती १४ दिवसांत संपवावी लागते. त्यापलीकडे टोलवाटोलवी झाली तर वाद घालत बसू नका. फिर्यादीचा मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस उपायुक्तांना पाठवा आणि पावती जपा. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि त्या अर्जाला ही टपालाची पावती लागते.

कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग हा विषय सविस्तर सांगायला हवा, कारण आवारातली निम्मी प्रकरणं इथे बुडतात. लोकांना वाटतं कॅमेरा आहे म्हणजे पुरावा आहे. डीव्हीआरमधली, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रीकरण साठवणाऱ्या यंत्रातली डिस्क भरली की ती जुनं पुसून नवं लिहायला लागते. हिशोब सोपा आहे. एका कॅमेऱ्याचं चित्र सेकंदाला २ मेगाबिटने साठवलं जात असेल तर दिवसाला साधारण २१ ते २२ जीबी जागा जाते. १६ कॅमेऱ्यांना दिवसाला सुमारे ३४५ जीबी. डिस्क ४ टीबीची असेल तर अकरा-बारा दिवसांत पहिला दिवस गेला. चित्राचा दर्जा निम्म्यावर आणला असेल तर तेवीस दिवस मिळतात, पण मग चेहरा ओळखू येत नाही. म्हणून घटना कळल्यादिवशीच कुलसचिव किंवा प्राचार्य आणि सुरक्षा अधिकारी यांच्या नावे एक पानी अर्ज द्या. मजकूर साधारण असा: ‘दिनांक अमुक रोजी रात्री ९.४० ते १०.२० या वेळेतील, वसतिगृह क्रमांक तीनच्या जिन्याकडील व सायकल स्टँडकडील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण पोलीस तपासासाठी लागणार असल्याने ते त्वरित वेगळे काढून जतन करावे. ते नष्ट होऊ देऊ नये.’ खाली सही, दोन प्रती, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का. शिक्का देत नसतील तर तोच मजकूर ईमेलने पाठवा. चित्रीकरण तुम्हाला द्या असं मागू नका, त्यावर ‘गोपनीय आहे’ असं उत्तर ठरलेलं असतं. जतन करा एवढंच मागा, ते नाकारायला कारण उरत नाही.

डीव्हीआरचं घड्याळही बघायला सांगा. वीज जाऊन-येऊन ते दहा-पंधरा मिनिटं, कधी तासभर मागेपुढे झालेलं असतं, आणि मग ९.४० चं चित्र शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. चालू वेळ आणि पडद्यावरची वेळ यांतला फरक पंचनाम्यात लिहिला गेला पाहिजे. मोबाइलने पडदा शूट करून आणलेली क्लिप तपासाला दिशा देते, पण न्यायालयात मूळ रेकॉर्डिंगची प्रत आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे हॅश मूल्यासह (फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या डिजिटल खुणेसह) प्रमाणपत्र लागतं. ते यंत्रणा सांभाळणाऱ्याने आणि तज्ज्ञाने द्यायचं असतं, तुम्ही नाही.

चोरीच्या फोनसाठी क्रम महत्त्वाचा. आधी कंपनीकडून जुनं सिम बंद करून त्याच नंबरचं नवं सिम घ्या, कारण यूपीआय आणि ओटीपी त्यावरच आहेत. मग पोलीस तक्रार, मग सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरच्या सीईआयआर विभागात आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, ब्लॉक करण्याची विनंती. तिथे तक्रारीची प्रत आणि ओटीपी लागतो, आणि नवं सिम घेतल्यावर साधारण २४ तास एसएमएस येत नाहीत, तेव्हा तेवढा वेळ धरून चाला. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात, दोन्ही भरा. ते खोक्यावर आणि बिलावर असतात. फोन हातात असताना *#०६# दाबूनही दिसतात, म्हणून आजच त्यांचा फोटो काढून घरच्या कोणाला तरी पाठवा. दुचाकी गेली असेल तर विमा कंपनीलाही त्याच दिवशी कळवा. पुढे गाडी सापडली नाही तर कंपनी पोलिसांचा अंतिम अहवाल मागते, ज्याला आपल्याकडे ‘अ समरी’ म्हणतात: गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही. तो आपोआप घरी येत नाही, ठाण्यातून मागून घ्यावा लागतो.

लैंगिक छळाच्या प्रकरणात दोन दारं आहेत आणि दोन्ही ठोठावता येतात. एक पोलिसांचं, दुसरं कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीचं. यूजीसीच्या २०१५ च्या विनियमांप्रमाणे ही समिती प्रत्येक उच्चशिक्षण संस्थेत असलीच पाहिजे. अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य, बाहेरचा एक सदस्य, आणि विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर विद्यार्थ्यांचे तीन प्रतिनिधी. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता यांना तिच्यावर बसता येत नाही. लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत संपायला हवी. मुलींना बहुतेकदा माहीत नसलेली गोष्ट अशी की चौकशी चालू असताना अंतरिम दिलासा मागता येतो: ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या प्राध्यापकाने तिचे पेपर तपासू नयेत, तिच्यापासून लांब राहावं, असं समिती सुचवू शकते. पीएचडीच्या मार्गदर्शकाविरुद्ध तक्रार असेल तर हा अर्ज तक्रारीसोबतच द्या, नंतर नाही. समितीसमोर तडजोडीसाठी दडपण आलं तर ते लेखी नोंदवून ठेवा. आणि ‘समितीत चालू आहे, पोलिसांत कशाला?’ असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

बलात्कार किंवा गंभीर लैंगिक हल्ला झाला असेल तर पोलिसांआधी थेट रुग्णालयात गेलं तरी चालतं. सरकारी असो वा खासगी, फुकट प्रथमोपचार आणि उपचार देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे, एफआयआर नाही म्हणून परत पाठवता येत नाही. अंघोळ करू नका, कपडे धुऊ नका. कपडे कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि नमुने खराब होतात. नमुने जितके लवकर तितके चांगले, पण ९६ तासांपर्यंत घेण्यात अर्थ असतो. म्हणून ‘आता उशीर झाला’ असं दोन दिवसांनीही मानू नका. गर्भधारणा आणि एचआयव्ही टाळणारी औषधं मात्र ७२ तासांच्या आत सुरू व्हायला लागतात. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. पीडितेची ओळख पटेल असं काहीही छापणं किंवा पसरवणं हा दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘कोण होती ती’ विचारणाऱ्यांना हे सांगा.

रॅगिंगसाठी महाराष्ट्राचा स्वतःचा १९९९ चा कायदा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरला तर संस्थेतून काढून पुढची पाच वर्षं कुठेच प्रवेश नाही. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी केली नाही तर त्याच्यावरच मदत केल्याचा ठपका येतो. यूजीसीच्या २००९ च्या विनियमांप्रमाणे गुन्हा दिसत असेल तर संस्थेने २४ तासांत एफआयआर करायचा आहे. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालते, तिथे नाव न सांगताही तक्रार देता येते. जातीवरून अपमान झाला असेल तर अॅट्रॉसिटी कायदा लागतो, आणि त्यात एफआयआरआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हे २०१८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं आहे. लोकांदेखत घडणं हा त्यातला कळीचा मुद्दा. कोणी ऐकलं, त्यांची नावं त्याच रात्री लिहून ठेवा.

ऑनलाइन पैसे गेले तर पहिला फोन १९३०, बँकेच्या शाखेत चक्कर नंतर. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारतो आणि तो वाटेत गोठवायचा तर पहिले दोन-तीन तासच हाती असतात. बारा अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. वसतिगृहांत सध्या आणखी एक प्रकार फोफावतो आहे: ‘तुझं खातं महिनाभर वापरायला दे, कमिशन देतो.’ ते खातं चोरीचा पैसा फिरवायला लागतं. पोलीस आधी खातेदाराच्याच दारी येतात, आणि शिष्यवृत्ती ज्या खात्यात येते तेच खातं गोठतं. धमकीचे मेसेज आले तर पाठवणाऱ्याला लगेच ब्लॉक करू नका. आधी प्रोफाइलची लिंक, नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट आणि तारखेसह पूर्ण चॅट साठवा. दाखवायचं नाव कोणीही बदलतो, लिंक आणि नंबर लागतात. खासगी फोटो पसरवण्याची धमकी असेल तर पैसे देऊ नका, मागणी थांबत नाही. स्टॉपएनसीआयआय या संकेतस्थळावर फोटो न पाठवता त्याची फक्त डिजिटल खूण देता येते आणि त्यात सहभागी असलेले प्लॅटफॉर्म तो फोटो अडवतात.

सुरक्षिततेच्या नावाखाली मुलींच्या वसतिगृहाची वेळ साडेआठवर आणणं हा मला उपाय वाटत नाही. त्याने ग्रंथालय रिकामं होतं, रस्ता ओस पडतो आणि उरलेली एकटी मुलगी जास्त अडचणीत येते. रस्ता सुरक्षित होतो तो उजेडाने आणि वर्दळीने. बंद दिव्याची तक्रार ‘मागच्या रस्त्यावर अंधार आहे’ अशी केली तर कोणी हलत नाही. खांबावर क्रमांक असतो, तो लिहून, फोटोसह विद्युत विभागाला द्या आणि सात दिवसांनी आवक क्रमांकासह आठवण करा. त्याच फेरीत बघून घ्या की कोणतं फाटक रात्री कुलूपबंद असतं, कोणत्या झाडाची फांदी कॅमेऱ्यासमोर आली आहे आणि अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावं-फोन सूचनाफलकावर आहेत का. ती लावणं संस्थेवर बंधनकारक आहे. बऱ्याच ठिकाणी फलकावर निवृत्त झालेल्या सदस्यांची नावं तशीच असतात, म्हणून त्यांपैकी एका क्रमांकावर फोन लावूनच बघा.